एसी तासातून किती वेळा सुरू होतो?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

२०२५ च्या जूनमध्ये केंद्रीय ऊर्जामंत्री मनोहरलाल खट्टर यांनी एसीचे तापमान २० ते २८ अंश सेल्सिअस या मर्यादेतच ठेवता येईल अशी व्यवस्था आणण्याचा सरकारचा विचार जाहीर केला आणि रिमोटवर कोणता आकडा असावा यावर बरेच लिहिले-बोलले गेले. त्याआधी १ जानेवारी २०२० पासून तारांकन असलेला खोलीचा एसी सुरू होताना मुळात २४ अंशांवरच लागला पाहिजे, असा नियम लागू झालेला आहेच. आकड्याविषयीची ही काळजी रास्त आहे आणि तापमान एका अंशाने वाढवले तर सुमारे ६ टक्के वीज वाचते, हे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे सांगणे मीही विद्यार्थ्यांपुढे मांडत आलो आहे. तथापि गोव्यासारख्या दमट प्रदेशात या आकड्याइतकीच, आणि पावसाळ्यात त्याहूनही अधिक, महत्त्वाची असलेली एक गोष्ट या चर्चेत माझ्या वाचनात कोठेच आली नाही. ठरवलेल्या तापमानाला पोहोचल्यावर कॉम्प्रेसर किती वेळ थांबतो, पुन्हा सुरू झाल्यावर किती वेळ चालतो आणि असे तासातून किती वेळा घडते, ही ती गोष्ट होय. भिंतीवरचे डिजिटल थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान पाहून एसी चालू-बंद करणारी उपकरणे, आणि मोबाइलवरून चालणारे स्मार्ट नियंत्रक आता सदनिकांपासून किनाऱ्यावरील भाड्याच्या व्हिलांपर्यंत बसू लागल्यामुळे हे ठरवणे ग्राहकाच्या हाती आले आहे. मात्र ते कसे ठरवावे हे त्याला कोणी सांगत नाही, म्हणून हे पत्र.

मी फोंडा येथे राहतो आणि प्रशीतन व वातानुकूलन हा विषय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत शिकवून निवृत्त झालो आहे. गेल्या पावसाळ्यात शेजारच्या इमारतीतील एका कुटुंबाने मला बोलावले. एसी २० अंशांवर ठेवूनही अंथरूण दमट लागते, लाकडी कपाटात कपड्यांना वास येतो आणि आजोबांच्या पोथ्यांवर बुरशीचे ठिपके आले आहेत, अशी त्यांची तक्रार होती. खोली दहा फूट बाय अकरा फुटांची होती आणि तीत दोन टनांचा, एकाच वेगाने चालणारा एसी बसवलेला होता. जोडीला मोबाइलवर चालणारा स्मार्ट नियंत्रक एसीच्या अगदी खाली, भिंतीला चिकटवलेला होता. मी घड्याळ घेऊन तासभर त्या खोलीत बसलो. कॉम्प्रेसर चार मिनिटे चालत होता, पाच मिनिटे थांबत होता आणि पुन्हा चालू लागत होता. आर्द्रतामापक ७९ टक्के दाखवत होता. बाहेर पाऊस कोसळत होता आणि ज्या नळीतून एसीचे पाणी सतत ठिबकत राहायला हवे, ती नळी जवळजवळ कोरडी होती.

त्या कोरड्या नळीतच सगळे कारण आहे. एसी हवा थंड करतो हे सर्वांना ठाऊक असते, पण आपल्या हवेत त्याचे निम्मे महत्त्व हवेतील वाफ काढून टाकण्यात आहे. खोलीतील ओलसर हवा इनडोअर युनिटमधल्या थंड कॉइलवरून गेली की तिच्यातील वाफेचे पाणी होते, ते कॉइलच्या पातळ पत्र्यांवर जमते आणि पुरेसे जमल्यावरच खालच्या तबकात उतरून नळीवाटे बाहेर पडते. कॉम्प्रेसर सुरू झाल्यानंतर कॉइल पुरेशी थंड व्हायला थोडा वेळ जातो, त्यानंतर पत्रे ओले व्हायला आणखी काही मिनिटे लागतात आणि पाणी खाली उतरते ते त्याच्याही नंतर. चौथ्या मिनिटाला यंत्र थांबले तर पाणी पत्र्यांवरच राहते. पंखा मात्र चालूच असतो. तो खोलीतील हवा त्या ओल्या पत्र्यांवरून फिरवत राहतो आणि पुढच्या पाच मिनिटांत तेच पाणी पुन्हा वाफ होऊन खोलीत परतते. एक लिटर पाण्याइतकी वाफ निववून पाण्यात उतरवण्यासाठी सुमारे ०.६८ किलोवॅट-तास एवढी उष्णता काढावी लागते. ती काढायची, पाणी पुन्हा हवेत सोडायचे आणि पुन्हा काढायची, असा हा फुकट व्यवहार रात्रभर चालतो. खोली गार होते पण कोरडी होत नाही. गार आणि दमट हवेत अंगाला चिकचिक जाणवते, म्हणून घरातील मंडळी आकडा आणखी खाली नेतात, भिंती आणखी गार होतात, आणि त्या गार भिंतींवर व कपाटांच्या पाठीवर बुरशी अधिकच धरते. हवेतील आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर दीर्घकाळ राहिली तर बुरशी येणारच; तिला २० अंशांचा आकडा रोखू शकत नाही.

येथे एक जुनी हकिकत सांगितली तर वावगे ठरणार नाही, कारण ती आपल्याच, म्हणजे छपाईच्या, व्यवसायाशी संबंधित आहे. आधुनिक वातानुकूलनाची सुरुवात मानली जाणारी यंत्रणा विलिस कॅरियर या अभियंत्याने १९०२ मध्ये न्यूयॉर्कमधील ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी आखली. दमट हवेने कागद फुगत असे, त्यामुळे एकावर एक छापले जाणारे रंग जागच्या जागी बसत नसत, आणि हे थांबवण्यासाठी हवेतील आर्द्रता आवरणे हाच तिचा मुख्य उद्देश होता. माणसांच्या सुखासाठी हे यंत्र वापरणे नंतर आले. वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या गोव्याने तरी यंत्राचा हा मूळ उद्देश विसरता कामा नये, असे मला मनापासून वाटते.

आता थर्मोस्टॅटकडे वळतो. आपण २५ अंश ठरवले याचा अर्थ यंत्र बरोबर २५ वर थांबते आणि बरोबर २५ वरच सुरू होते असा नसतो, तसे असते तर ते क्षणोक्षणी चालू-बंद होत राहिले असते. थांबण्याचे तापमान आणि पुन्हा सुरू होण्याचे तापमान यांत एक अंतर ठेवलेले असते. या अंतराला स्मार्ट नियंत्रकांच्या यादीत कोठे ‘डिफरन्शियल’, कोठे ‘स्विंग’, तर कोठे ‘डेडबँड’ असे नाव असते. जुन्या, दोन धातूंच्या पट्टीवर चालणाऱ्या थर्मोस्टॅटमध्ये हे अंतर पट्टीच्या स्वभावामुळे आपोआपच एक-दोन अंशांचे पडत असे. डिजिटल सेन्सर अंशाचा दहावा भागही वाचू शकतो, त्यामुळे आता हे अंतर अगदी थोडे ठेवण्याची सोय झाली आहे आणि जितके अंतर कमी तितका एसी अचूक, अशा समजुतीने बसवणारे कारागीर व ग्राहक दोघेही सर्वांत लहान आकडा निवडतात. शेजाऱ्यांच्या नियंत्रकात ते ०.३ अंश होते. शिवाय सेन्सर एसीच्या झोताखालीच असल्यामुळे खोलीचा पलीकडचा कोपरा गरम असतानाच त्याला २० अंश झाल्याचा भास होत होता.

अंतर किती असावे? माझ्या अनुभवाप्रमाणे एकाच वेगाच्या एसीसाठी ते १ ते १.५ अंश ठेवावे. त्याहून जास्त वाढवले तर झोपलेल्या माणसाला आलटून-पालटून गारवा आणि उकाडा जाणवतो, आणि यंत्र थांबलेले असतानाचा काळ लांबल्यामुळे ओलावाही परत येतो. म्हणून अंतर मोठे करणे हा एकच उपाय मानू नये. त्याच्या जोडीला कॉम्प्रेसरची किमान विश्रांती आणि किमान चाल या दोन वेळा ठरवाव्या लागतात. बंद पडल्यानंतर एसीच्या नळ्यांतील वायूचे उच्च व नीच दाब समान व्हायला साधारण तीन मिनिटे लागतात. त्याआधी कॉम्प्रेसर सुरू करण्याचा प्रयत्न झाला तर तो दाबाविरुद्ध फिरू शकत नाही, जागच्या जागी थरथरतो, जास्तीचा प्रवाह ओढतो आणि तापून सुरक्षा-कळ पडते. बहुतेक स्प्लिट एसींत ही तीन मिनिटांची सोय आतच केलेली असते. स्मार्ट नियंत्रकाने आज्ञा दिल्यावरही यंत्र लगेच चालू होत नाही, ते याचमुळे, आणि म्हणून पुन्हा पुन्हा बटण दाबण्यात अर्थ नाही. नियंत्रकात किमान विश्रांती पाच मिनिटे आणि किमान चाल दहा मिनिटे ठेवली तर तासातून चारपेक्षा जास्त वेळा यंत्र सुरू होत नाही आणि प्रत्येक चालीत पाणी नळीपर्यंत पोहोचण्यास वेळ मिळतो.

शेजाऱ्यांकडे आम्ही नेमके हेच केले. सेन्सर समोरच्या भिंतीवर, छातीच्या उंचीला, ऊन आणि झोत दोन्ही लागणार नाहीत अशा जागी नेला, अंतर १.२ अंश केले. दोन्ही वेळा ठरवल्या. आकडा २० वरून २५ वर नेला, छताचा पंखा मंद चालू ठेवला आणि एसीचा पंखा सर्वांत कमी वेगावर आणला. हा शेवटचा बदल लहान दिसतो, पण टनेज गरजेपेक्षा मोठे असलेल्या घरात खर्च न करता करता येण्याजोगा तोच सर्वांत उपयोगी उपाय आहे. हवा सावकाश वाहिली की कॉइल अधिक थंड राहते, वाफेचे पाणी अधिक होते आणि खोली गार व्हायला थोडा जास्त वेळ लागत असल्यामुळे यंत्र लवकर कट होत नाही. दोन दिवसांनी पुन्हा मोजले तेव्हा तासात दोनदा-तीनदा चालू-बंद होत होती, आर्द्रता ६२ टक्क्यांवर आली होती आणि नळी ठिबकत होती. दोन टनांचे यंत्र तेवढ्या खोलीला मोठेच आहे आणि सेटिंगने त्याचे टनेज कमी होत नाही, हेही मी त्यांना स्पष्ट सांगितले. तेथे एक टनाचे यंत्र पुरले असते. एक टन म्हणजे साधारण साडेतीन किलोवॅट उष्णता काढण्याची क्षमता. ती खोलीच्या गरजेच्या दुप्पट असली तर ग्राहकाला दुप्पट सुख मिळत नाही. ‘मशीन लवकर कट होते, म्हणजे कूलिंग चांगले आहे’ हे वाक्य मी दुकानांत आणि घरांत असंख्य वेळा ऐकले आहे, आणि आपल्या हवेत ते सरळसरळ चुकीचे आहे.

हा त्रास मे महिन्यात का जाणवत नाही आणि जुलैत किंवा डिसेंबरच्या रात्री का जाणवतो, याचाही उलगडा करणे आवश्यक आहे. भर उन्हाळ्यात दुपारी खोलीत येणारी उष्णता यंत्राच्या क्षमतेइतकीच असेल तर कॉम्प्रेसर थांबतच नाही. उष्णता अजिबात नसेल तर तो सुरूच होत नाही. जेव्हा गरज क्षमतेच्या निम्मी असते, तेव्हा चालू-बंदीची संख्या सर्वाधिक असते. पावसाळी संध्याकाळ नेमकी अशी असते: तापमान सौम्य, आर्द्रता मात्र ८५-९० टक्के. म्हणून एकदाच सेटिंग करून वर्षभर तेच ठेवणे गोव्यात बरोबर नाही. जूनपासून सप्टेंबरपर्यंत एसीचा पंखा कमी वेगावर ठेवावा किंवा एसीची ओलावा काढणारी ‘ड्राय’ ही पद्धत वापरावी, आणि ज्या नियंत्रकांत कॉम्प्रेसर थांबल्यावर पंखाही थांबवण्याची सोय आहे, तेथे ती अवश्य निवडावी.

वीजबिलाच्या संदर्भात एक गैरसमज दूर करतो. कॉम्प्रेसर सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढतो हे खरे आहे आणि खेडेगावात वीजवाहिनीच्या टोकाला असलेल्या घरांत त्यामुळे दिवे क्षणभर मंद होतात, हेही आपण पाहतो. परंतु तो प्रवाह सेकंदाच्या एका भागापुरताच असतो, मीटरवर त्याचा विशेष परिणाम होत नाही. खरा तोटा सुरुवातीच्या त्या मिनिटांत आहे, ज्यांत वीज पूर्ण लागते आणि गारवा अर्धा मिळतो, आणि तोटा कॉम्प्रेसरच्या आयुष्यात आहे. प्रत्येक आरंभाला त्याच्या मोटारीतील तारांची वेटोळी तापतात, वायूबरोबर थोडे तेलही बाहेर फेकले जाते आणि ते फिरून परत येण्याइतका वेळ न देता यंत्र थांबवले तर कॉम्प्रेसर तेलाविना झिजतो. किनाऱ्यावरील खारट हवेने आधीच गंजणाऱ्या आउटडोअर युनिटांवर हा दुसरा घाला कशासाठी घालायचा?

इन्व्हर्टर एसी घेतला की हा प्रश्न संपला, असे मानणेही योग्य नाही. इन्व्हर्टर यंत्र वेग कमी करून सावकाश चालत राहते आणि हीच त्याची खुबी आहे. पण वेगाला खालची मर्यादा असते आणि गरज त्या मर्यादेखाली गेली की तेही चालू-बंद करू लागते. शिवाय अनेक घरांत मंडळी १८ अंशांवर खोली गार करतात, एसी बंद करतात, अर्ध्या तासाने उकडले की उठून पुन्हा लावतात आणि यालाच बचत समजतात. इन्व्हर्टरला २६ अंशांवर रात्रभर मंद चालू द्यावे. स्मार्ट नियंत्रक लावणाऱ्यांनी तर अधिक सावध राहावे, कारण अशा नियंत्रकांपैकी पुष्कळसे रिमोटप्रमाणेच अदृश्य किरणांनी एसीला चालू किंवा बंद एवढीच आज्ञा देतात. मग एकाच यंत्रावर दोन थर्मोस्टॅट राज्य करू लागतात. एसी स्वतःचा वेग कमी करत असतानाच नियंत्रक त्याला बंद करून टाकतो. अशा ठिकाणी नियंत्रकाने केवळ वेळापत्रक सांभाळावे आणि तापमान एसीच्या स्वतःच्या सेन्सरवर सोपवावे.

ज्यांची मुले परदेशात आहेत, त्यांना या विषयाची दुसरी बाजूही दिसली असेल. कन्या कॅनडात असल्यामुळे मी दोन वेळा तिच्याकडे राहून आलो. तेथे घराच्या तळघरात गॅसची भट्टी, बाहेर कॉम्प्रेसर आणि दोहोंवर दिवाणखान्यातील एकाच स्मार्ट थर्मोस्टॅटचा ताबा असतो. वसंत ऋतूत रात्री हीटिंग आणि दुपारी कूलिंग लागते. तिच्या थर्मोस्टॅटमध्ये ‘ऑटो’ पद्धत निवडलेली होती आणि हीटिंग व कूलिंगच्या आकड्यांत जेमतेम एका अंशाचे अंतर होते, त्यामुळे सकाळी भट्टीने तापवलेले घर दुपारी कॉम्प्रेसर थंड करत होता. आम्ही ते अंतर तीन अंशांचे केले आणि दोन्ही यंत्रे शांत झाली. तेथे आणखी एक कारण आढळते: भिंतीतील तारांमध्ये थर्मोस्टॅटला स्वतःची वीज पुरवणारी समाईक तार नसेल तर तो यंत्राच्या नियंत्रण-तारेतूनच थोडी वीज उसनी घेतो आणि त्यामुळेही यंत्राला चालू-बंद करणारी विद्युत-कळ, म्हणजे रिले, खडखडत चालू-बंद होऊ शकतो. गोव्यात भट्टी नाही, पण ‘हॉट अँड कोल्ड’ म्हणून मिळणारे एसी येथेही विकले जातात. ते ‘ऑटो’वर ठेवले तर जानेवारीच्या पहाटे खोली तापवण्यासाठी वीज खर्च होऊ शकते. आपल्याकडे ‘कूल’ आणि ‘ड्राय’ याखेरीज काही निवडण्याचे कारण नाही.

हॉटेले आणि भाड्याच्या व्हिला यांचा स्वतंत्र विचार करावा लागेल, कारण तेथे एका निर्णयाने शेकडो यंत्रे चालतात. खोलीत हालचाल टिपणारा सेन्सर लावून पाहुणा बाहेर गेला की एसी बंद करण्याची पद्धत चांगली आहे. पण त्या सेन्सरला पाच मिनिटांचीच मुदत दिली तर झोपलेला पाहुणाही त्याला अनुपस्थित वाटतो आणि रात्रभर यंत्राची उघडझाप होते. ही मुदत किमान वीस मिनिटे असावी आणि पाहुणा नसताना यंत्र पूर्ण बंद करण्याऐवजी पावसाळ्यात २८ अंशांवर ठेवावे, म्हणजे गाद्यांना कुबट वास येणार नाही. बाल्कनीचे दार उघडताच एसी थांबवणाऱ्या कळीलाही एखाद-दोन मिनिटांचा अवधी द्यावा. मुंबई-बंगळुरूत बसून मोबाइलवरून व्हिलातील एसी चालू-बंद करणाऱ्या मालकांनी कॉम्प्रेसरची किमान विश्रांती ठरवल्याशिवाय तो अधिकार स्वतःकडे ठेवू नये.

अर्थात प्रत्येक चालू-बंदीचे मूळ सेटिंगमध्येच असते असे नाही. फिल्टर धुळीने भरलेला असेल, गॅस कमी असेल, आउटडोअर युनिट ग्रीलच्या खोक्यात कोंडलेले असेल किंवा स्टॅबिलायझर विजेच्या कमी दाबामुळे पुरवठा तोडत असेल, तरी यंत्र असेच वागते. म्हणून आधी फिल्टर धुवावा, युनिटभोवती मोकळी जागा करावी आणि त्यानंतरच सेटिंगला हात लावावा. कौलारू घरांत सेन्सर उंचावर, कौलांच्या उष्णतेजवळ असेल तर उलट प्रकार होतो, यंत्र थांबतच नाही. तेथेही जागा बदलणे हाच उपाय.

माझी मागणी मोठी नाही. एसी किंवा स्मार्ट नियंत्रक बसवणाऱ्याने वॉरंटी कार्डावर तारीख आणि शिक्का मारतो त्याच जागी चार गोष्टी लिहून द्याव्यात: खोलीचे क्षेत्रफळ व त्यासाठी निवडलेले टनेज, तापमानातील अंतर, किमान विश्रांती व किमान चाल, आणि सेन्सरची जागा. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील या शाखेच्या विद्यार्थ्यांना गॅस भरणे आणि नळी जोडणे जितक्या काळजीने शिकवले जाते, तितक्याच काळजीने घड्याळ व आर्द्रतामापक घेऊन खोलीत एक तास बसणे शिकवावे. ते मी माझ्या सेवाकाळात पुरेसे शिकवले नाही, याची मला खंत आहे. विद्युत खात्याने वीजबिलाच्या मागच्या बाजूला या चार गोष्टींची सूचना मराठी व कोकणीतून छापली तर पुढच्या जूनपूर्वी ती घरोघर पोहोचेल. तोवर ज्या वाचकांच्या घरी कपाटाला वास येत असेल, त्यांनी आज रात्री एवढेच पाहावे की एसी चालू असताना बाहेरची नळी ठिबकते आहे का.

आपला विश्वासू,
एक निवृत्त वातानुकूलन निदेशक,
फोंडा, गोवा